इंजिनाचा ठसका थांबवणारी टिली

८ मार्च म्हटलं की आपल्याला महिला दिन आठवतो. गावोगावी कार्यक्रम होतात, शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतात, कुणी तरी पाहुण्या येऊन बोलतात. याच तारखेला, १९०९ साली, इंग्लंडमधल्या वॉटरलूव्हिल नावाच्या गावी एका मटणवाल्याच्या घरी मुलगी जन्माला आली. तेव्हा या तारखेला काही खास अर्थ नव्हता. मुलीचं नाव ठेवलं बिॲट्रिस. बिॲट्रिस शिलिंग. पुढे घरीदारी सगळे तिला टिलीच म्हणायला लागले.

आपल्यापैकी फार थोड्याजणींनी हे नाव ऐकलं असेल. पण दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडची जी लढाऊ विमानं आकाशात कोलांट्या घेत होती, त्यांच्या इंजिनाला ऐन वेळी लागणारा ठसका थांबवला तो या बाईनं. आणि तोही कशानं, तर नळाला बसवतो तेवढ्या एका छोट्या वायसरनं!

कसं ते समजायला आपल्याला इंजिनिअर असायची गरज नाही. गच्चीवरची पाण्याची टाकी आणि स्वयंपाकघरातली शेगडी, एवढी ओळख पुरे आहे. पण आधी टिलीचं बालपण.

भातुकलीऐवजी पाने आणि स्क्रू

तीन बहिणींत टिली धाकटी. खाऊच्या पैशांतून ती हत्यारं विकत घ्यायची. त्या काळात मुलांसाठी मेकॅनो नावाचा एक खेळ होता. भोकं पाडलेल्या पत्र्याच्या पट्ट्या, छोटे नट, बोल्ट आणि चाकं. जोडाल तसं यंत्र तयार. खेळ अर्थातच मुलग्यांचा समजला जायचा. टिली बारा वर्षांची असताना तिनं त्यातून सूत कातायचा चरखा बनवला. नुसता दिखाऊ नाही, चालणारा! देशभरातल्या मुलांच्या स्पर्धेत या चरख्याला बक्षीस मिळालं.

चौदाव्या वर्षी तिनं मोटारसायकल घेतली. रॉयल एनफिल्ड! आपल्या रस्त्यांवर ज्या नावाच्या गाड्या धडधडत जातात, तेच नाव. तेव्हा ती कंपनी इंग्लंडची होती. टिलीला गाडी चालवण्यात जेवढी गोडी, तेवढीच ती खोलून परत जोडण्यात. या वयातच तिनं ठरवून टाकलं, की आपण इंजिनिअर व्हायचं.

ठरवणं सोपं होतं. पुढची वाट मात्र कुणाला ठाऊक नव्हती. आईलाही काळजी होतीच. १९२० च्या दशकातल्या इंग्लंडमध्ये मुलीनं शिक्षिका व्हावं, नर्स व्हावं, टायपिस्ट व्हावं. इंजिनिअर? पण पहिलं महायुद्ध नुकतंच होऊन गेलेलं होतं. पुरुष आघाडीवर गेले तेव्हा कारखाने बायकांनीच चालवले होते. युद्ध संपल्यावर त्यांना घरी जायला सांगण्यात आलं. ते न पटलेल्या काही बायकांनी १९१९ साली महिला इंजिनिअरांची एक संस्था काढली. टिलीसारख्या मुलींसाठी किल्ली सापडली ती या संस्थेतल्या बायकांकडे.

रात्रपाळीचा गुन्हा

मार्गारेट पार्ट्रिज ही त्यांच्यातली एक. स्वतःची फर्म काढून ती गावोगावी वीज पोहोचवायची कामं घ्यायची आणि शक्यतो मुलींनाच हाताखाली घ्यायची. टिली तिच्याकडे उमेदवारी करायला लागली. घरांमध्ये वायरिंग करायचं, जनरेटर बसवायचा, तो चालू ठेवायचा.

बंगे नावाच्या छोट्या गावातल्या वीजघरात टिली रात्रीची एकटी ड्यूटी करायची. आणि तिथेच एक नवल घडलं. बाईनं कारखान्यात रात्रपाळी करायची नाही, असा आंतरराष्ट्रीय करार १९१९ साली झाला होता. बायकांच्या भल्यासाठीच केलेला! त्यामुळे टिलीचं यंत्रापाशी रात्री बसणं बेकायदा ठरलं. पार्ट्रिज आणि तिच्या मैत्रिणी गप्प बसल्या नाहीत. संरक्षणाच्या नावाखाली शिकलेल्या बाईचं काम काढून घेतलं जातंय, हे त्या सांगत राहिल्या. शेवटी १९३४ साली तो करार बदलला आणि जबाबदारीच्या जागेवरच्या बायकांना त्यातून सूट मिळाली. रात्रपाळीला जाणाऱ्या नर्सेस, पोलीस, कॉल सेंटरमधल्या मुली आज आपल्या ओळखीच्या आहेत. त्या प्रश्नाला तोंड फुटलं ते असं.

टिलीची हुशारी पाहून पार्ट्रिजनंच तिला कॉलेजात जायचा आग्रह धरला. मुलीकडे पैसे नव्हते, तर बायकांच्याच एका संस्थेनं बिनव्याजी कर्ज दिलं. १९२९ साली तिनं मँचेस्टर विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला नाव घातलं. त्या शाखेला त्या वर्षी मुली दोनच. १९३२ साली ती पदवीधर झाली. पुढच्याच वर्षी मेकॅनिकल इंजिनिअरिंगची मास्टर्सची पदवीही तिनं मिळवली. विषय निवडला होता तोही आवडीचाच, चालू इंजिनाच्या आतली उष्णता.

लग्नाची अट

शिकत असतानाच टिलीनं मोटारसायकलच्या शर्यतीत नाव काढायला सुरुवात केली होती. लंडनजवळ ब्रुकलँड्स नावाचा शर्यतीचा मोठा रस्ता होता. कडेला भिंतीसारखा उंच उचललेला सिमेंटचा गोल मार्ग. शर्यतीत ताशी १०० मैलांहून, म्हणजे १६० किलोमीटरहून जास्त वेगानं फेरी मारली की तिथला गोल्ड स्टार मिळायचा. टिलीकडे ५०० सीसीची नॉर्टन गाडी होती. तिच्यात सुधारणा करायची तीच आणि चालवायचीही तीच. १९३४ साली तिनं ताशी १०६ मैलांची, म्हणजे जवळजवळ १७० किलोमीटरची फेरी मारली आणि गोल्ड स्टार मिळवला. मोटारसायकलवरून हा मान मिळवणाऱ्या बायका ब्रुकलँड्सच्या इतिहासात तीनच झाल्या. आणि त्या तिघींत टिली सगळ्यात वेगवान.

१९३६ साली तिला फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये नोकरी लागली. विमानांवर संशोधन करणारी ही सरकारी संस्था. सुरुवातीला काम होतं विमानाच्या इंजिनांची माहितीपुस्तकं लिहिण्याचं. हात ग्रीसनं माखायची सवय असलेल्या मुलीला टेबलाशी बसवलं तर ती किती दिवस बसणार? तिनं धडपड करून यंत्रांच्या बाजूला बदली करून घेतली आणि लवकरच इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या भागाची, म्हणजे कार्बोरेटरची ती जाणकार झाली.

तिथेच तिला जॉर्ज नेलर भेटला. तोही तिथलाच इंजिनिअर, तोही मोटारसायकलवेडा. म्हणे टिलीनं अट घातली होती, की ब्रुकलँड्सचा गोल्ड स्टार मिळवशील तेव्हाच लग्न. खरी की खोटी, गोष्ट मात्र अजून सांगतात. जॉर्जनं गोल्ड स्टार मिळवला हे खरं, आणि १९३८ साली दोघांचं लग्न झालं हेही खरं. आपल्याकडे मुलाकडच्यांच्या अटी ऐकायची सवय असल्यामुळे ही गोष्ट ऐकायला जरा जास्तच गोड वाटते, नाही?

ऐन वेळी लागणारा ठसका

१९३९ साली युद्ध पेटलं. १९४० च्या उन्हाळ्यात जर्मनीची विमानं इंग्लंडवर चालून आली. त्यांच्याशी आकाशात लढायला इंग्लंडकडे मुख्य दोन विमानं होती, हरिकेन आणि स्पिटफायर. दोन्हींचं हृदय एकच, रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन. बारा सिलिंडरचं, २७ लिटरचं. आपल्या साध्या १०० सीसी गाडीची २७० इंजिनं एकत्र केली तर जेवढं होईल, तेवढं. हरिकेन तर पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपल्या हवाई दलाच्या वैमानिकांनीही उडवली.

इंजिन ताकदवान होतं, भरवशाचं होतं. पण एक खोड होती. जर्मन विमान पाठलागातून सुटायला काय करायचं, तर नाक एकदम खाली दाबून सरळ खोल सूर मारायचं. इंग्लिश वैमानिकानं त्याच्या मागे तसाच सूर मारायला नाक दाबलं, की त्याचं इंजिन खोकायचं. ठसका लागल्यासारखं अडखळायचं आणि काही क्षण चक्क बंद पडायचं! मागे काळा धूर. तेवढ्यात शत्रू निसटून गेलेला. आणि पाठलाग उलटा असला, म्हणजे शत्रू मागे आणि आपण पुढे, तर ते काही क्षण जिवावरच बेतायचे.

वैमानिकांनी यावर एक तोड काढली होती. नाक दाबण्याआधी विमान गर्रकन कुशीवरून उलटं करायचं आणि मग सूर मारायचा. त्यानं ठसका टळायचा, पण वेळ जायचा. आकाशातल्या लढाईत तेवढा वेळ कोण देतं?

आता हे का व्हायचं ते बघू.

आपल्या गच्चीवरच्या टाकीत एक तरंगता गोळा असतो. पाणी भरलं की गोळा वर जातो, त्याला जोडलेला दांडा नळाचं तोंड बंद करतो. पाणी कमी झालं की गोळा खाली येतो, नळ उघडतो. जुन्या स्कूटर, मोपेड, मोटारसायकलींच्या कार्बोरेटरमध्ये हीच युक्ती असायची. इवलीशी पेट्रोलची वाटी, त्यात तरंगणारा इवलासा गोळा. मर्लिनचा कार्बोरेटरही त्याच जातीचा. पंप टाकीतून पेट्रोल ढकलायचा, तरंगतं यंत्र ते मोजून वाटीत घ्यायचं आणि वाटीच्या तळाकडच्या बारीक भोकातून ते इंजिनात जायचं.

मग टाकीच कुणी उलटी केली तर? जत्रेतला मोठा पाळणा वरून खाली येताना पोटात गोळा येतो ना? एसटी खड्ड्यावरून उसळली की आपण सीटवरून वर उडतो ना? विमानाचं नाक जोरात खाली दाबलं की तसंच होतं, पण कितीतरी जास्त. पट्टा नसेल तर वैमानिक छताला आपटेल. आणि वाटीतलं पेट्रोल? तेही वर जाऊन झाकणाला चिकटतं. तळाकडचं भोक उघडं पडतं. इंजिनाला पेट्रोलच मिळत नाही. हा पहिला ठसका, उपाशीपणाचा.

पण खरा घात पुढे व्हायचा. वाटीतलं सगळंच उलटंसुलटं झाल्यामुळे तरंगत्या गोळ्याची दिशाभूल व्हायची. वाटी रिकामी आहे असं समजून तो नळ पूर्ण उघडून टाकायचा. पंप तर जोरात चालूच. पेट्रोलचा लोंढा यायचा, वाटी तुडुंब, आणि जास्तीचं पेट्रोल थेट इंजिनात. उपाशी इंजिनाच्या घशात एकदम हंडाभर ओतल्यासारखं! इंजिन गुदमरायचं. हा दुसरा ठसका जास्त लांबायचा आणि जास्त घातक होता.

शेगडीचं उदाहरण घ्या. गॅसच्या बर्नरखाली पितळेचा छोटा जेट असतो, त्याला सुईच्या टोकाएवढं भोक. ते भोक मोठं झालं तर गॅस जास्त येतो, ज्योत पिवळी होते, भांडी काळी होतात. जळायला हवा पुरत नाही म्हणून. मर्लिनच्या मागे निघणारा काळा धूर हा त्यातलाच प्रकार.

मग जर्मनांचं इंजिन का नाही खोकायचं?

कारण त्यांच्या मेसरश्मिट १०९ विमानाच्या इंजिनात तरंगत्या गोळ्याची वाटीच नव्हती. प्रत्येक सिलिंडरमध्ये पंपानं मोजून पेट्रोल फवारलं जायचं. विमान सरळ असो की उलटं, पिचकारी आपलं काम करणारच. आपल्याकडे २०२० पासून नव्या दुचाकींना जे फ्युएल इंजेक्शन आलं, त्याचीच ही युद्धकाळातली आजी. पकडलेलं एक मेसरश्मिट १९४० सालीच फार्नबरोला आणून तपासलं होतं, त्यामुळे फरक कळायला वेळ लागला नाही.

मग इंग्रजांनी तसंच का केलं नव्हतं? ते काही अडाणी नव्हते. कार्बोरेटरचा एक फायदा त्यांना हवा होता, तो म्हणजे गारवा. ओल्या माठातलं पाणी गार का होतं? बाहेर झिरपलेलं पाणी वाफ होऊन उडताना उष्णता घेऊन जातं. मर्लिनमध्ये पेट्रोल हवेत मिसळून वाफ व्हायचं आणि हवेतली उष्णता शोषून घ्यायचं. गार हवा दाटीनं मावते. दाट हवा म्हणजे जास्त ताकद. एवढं मोठं इंजिन, आतून सतत तापणारं. त्याला बाहेरून गार ठेवायला रेडिएटर होतेच, पण आतली ही फुकटची थंडाई सोडायला कंपनी तयार नव्हती. एका हातानं मिळालेली ताकद दुसऱ्या हातानं जात होती ती सूर मारताना.

नवी पद्धत तयार करायची तर वर्षं लागणार होती. विमानं तर रोज उडत होती, रोज माणसं मरत होती.

अंगुस्तानाएवढा उपाय

टिलीनं या प्रश्नाकडे पाहिलं ते वेगळ्या बाजूनं. सगळा दोष एकदम काढता येणार नाही, हे तिनं मान्य केलं. पण दोन ठसक्यांपैकी घातक कोणता? दुसरा. तो कशामुळे? पेट्रोल गरजेपेक्षा जास्त येतं म्हणून. मग जास्तीचं येऊच दिलं नाही तर?

इंजिन पूर्ण जोरानं चालताना त्याला जास्तीत जास्त किती पेट्रोल लागतं, हे मोजता येत होतं. तेवढंच पेट्रोल जाईल अशा मापाचं भोक पाडलेला एक पितळेचा तुकडा तिनं पेट्रोलच्या वाटेत बसवला. पहिला होता शिवणकामात बोटाला घालतो त्या अंगुस्तानासारखा. पुढे तोही साधा करून सपाट वायसर केला. आता तरंगत्या गोळ्याची कितीही दिशाभूल होवो, नळ पूर्ण उघडो, या भोकातून इंजिनाला पेलवेल त्याहून जास्त पेट्रोल येणारच नाही. लोंढा नाही, म्हणून गुदमरणं नाही.

बघा, नवं काही जोडलं नाही, इंजिन बदललं नाही. फक्त वाटेत योग्य जागी योग्य मापाची अडवणूक केली. पण ते माप अचूक हवं. भोक जरा लहान झालं तर पूर्ण जोर लावताना इंजिन उपाशी राहील. जरा मोठं झालं तर पुन्हा लोंढा. वेगवेगळ्या ताकदीच्या इंजिनांसाठी म्हणून भोकाची मापंही वेगळी ठेवावी लागली. दिसायला वायसर, पण त्यामागे टिलीचा सगळा अभ्यास होता.

आणखी एक मोठी सोय होती. हा तुकडा बसवायला विमान कारखान्यात न्यावं लागत नव्हतं. विमानतळावरच, दोन उड्डाणांच्या मधे बसवता येत होता. युद्धात ही गोष्ट लाखमोलाची.

१९४१ च्या सुरुवातीला टिली स्वतः निघाली. सोबत छोटंसं पथक. देशभरातल्या लढाऊ विमानांच्या तळांवर जायचं, तिथल्या मेकॅनिकांना दाखवायचं, बसवून घ्यायचं. आणि टिली जायची ती आपल्या शर्यतीच्या जुन्या नॉर्टनवर बसून! हिवाळ्याची थंडी, युद्धामुळे रात्री सगळीकडे अंधार, आणि लष्करी तळाच्या दारात फटफटीवरून उतरणारी बाई. मार्च १९४१ पर्यंत लढाऊ विमानांच्या सगळ्या ताफ्यात हा तुकडा बसला.

वैमानिकांना काय वाटलं असेल? आता ते नाक दाबून शत्रूच्या मागे सूर मारू शकत होते. पहिला, उपाशीपणाचा छोटा ठसका अजून होता. फार वेळ उलटं उडणंही जमत नव्हतं. पण इंजिन बंद पडत नव्हतं.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. टिलीच्या वायसरनं १९४० ची इंग्लंडच्या आकाशातली ती प्रसिद्ध लढाई जिंकली, असं कधीकधी वाचायला मिळतं. ते बरोबर नाही. ती लढाई १९४० च्या शरदात संपली, वायसर आला पुढच्या वर्षी. पण युद्ध अजून चार वर्षं चालायचं होतं. नव्या पद्धतीचा, दाबानं पेट्रोल देणारा कार्बोरेटर १९४३ च्या सुमारास येईपर्यंत या छोट्या तुकड्यानंच वेळ निभावून नेली. टिलीचं मोठेपण दाखवायला खोट्याची गरजच नाही.

आज हवाई कसरतींच्या छोट्या विमानांना हा त्रास होत नाही. त्यांच्या टाकीत टोकाला वजन लावलेली लवचिक नळी असते. विमान उलटं झालं की पेट्रोल जिकडे जातं तिकडे नळीचं तोंडही जातं. पुढे पिचकारी पद्धत. इंजिनाचं तेलही उलट्या स्थितीत मिळत राहील अशी सोय असते. कसरती पाहताना आपण टाळ्या वाजवतो त्या वैमानिकाला. पण इंजिनाला कुठल्याही अंगावर पेट्रोल कसं मिळेल, याची काळजी कुणी तरी आधी वाहिलेली असते.

नावातली थट्टा

या तुकड्याचं सरकारी नाव वेगळंच होतं. हवाई दलातल्या पुरुषांनी त्याला नाव ठेवलं मिस शिलिंगचं भोक. त्यात कौतुकही होतं आणि पुरुषांच्या कंपूतली चावट थट्टाही. खरं तर तेव्हा ती मिस नव्हतीच, लग्न होऊन अडीच वर्षं झाली होती. कामाच्या ठिकाणी ती माहेरचं नाव लावायची एवढंच. टिलीनं या थट्टेचा बाऊ केला नाही. काम चाललं, यातच तिला समाधान होतं. पण विचार केला तर वाटतं, एखाद्या पुरुषानं हेच केलं असतं तर नाव असंच ठेवलं असतं का?

युद्धात जॉर्ज बॉम्बर विमानाचा वैमानिक झाला. रात्री नवरा शत्रूच्या आकाशात, दिवसा बायको विमानांच्या इंजिनांशी झुंजतेय. आकाशात बंद पडणारं इंजिन म्हणजे काय, हे तिला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती. सुदैवानं जॉर्ज सुखरूप परत आला.

पुन्हा उष्णतेशी गाठ

युद्ध संपलं. सरकारनं तिला ओबीई हा किताब दिला. टिली फार्नबरोतच राहिली. रॉकेटवर काम केलं. पावसानं भिजलेल्या धावपट्टीवर विमानाचं चाक पाण्यावर घसरतं आणि ब्रेक लागत नाही, याचा अभ्यास केला. आज भर पावसात आपलं विमान सुखरूप उतरतं, त्यामागे अशा अभ्यासांची पुण्याई आहे. मोटारसायकल सुटली तशी नवरा-बायको मिळून मोटारींच्या शर्यतीत उतरले. पन्नाशीला आलेली ही बाई रेसिंग कार पळवत होती. गाड्यांची कामं घरीच, आपल्याच हातानं.

१९६७ साली एक वेगळंच बोलावणं आलं. डॅन गर्नी हा अमेरिकन शर्यतपटू आपल्या ईगल नावाच्या फॉर्म्युला वन गाडीसह इंग्लंडमधून खेळत होता. गाडी देखणी, बारा सिलिंडरचं इंजिन जबरदस्त, पण तापायचं फार. तेव्हा सल्ल्यासाठी आठवण झाली ती टिलीची. कॉलेजात असताना जिनं इंजिनाच्या आतल्या उष्णतेचा अभ्यास केला, ती साठीजवळ येऊन पुन्हा त्याच प्रश्नाशी झुंजत होती.

फार्नबरोत तिनं तेहतीस वर्षं काढली, १९३६ ते १९६९. हुशारी सगळ्यांना मान्य, अडलं की सगळे तिच्याकडे येणार. पण संस्थेच्या सगळ्यात वरच्या खुर्च्यांपर्यंत तिला कधी पोहोचता आलं नाही. तिथे पुरुषच बसत राहिले. ती फटकळ होती, वरिष्ठांची मर्जी सांभाळणं तिला जमायचं नाही, असंही सांगतात. फटकळ पुरुष मात्र साहेब होतात, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही. निवृत्तीच्या वर्षी, १९६९ साली, सरे विद्यापीठानं तिला सन्माननीय डॉक्टरेट दिली.

१८ नोव्हेंबर १९९० रोजी टिली गेली. वय एक्याऐंशी. तेव्हा इंजिनिअरिंगच्या बाहेर तिचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. २००३ साली तिचं चरित्र निघालं आणि हळूहळू लोकांना ती कळायला लागली. आता इंग्लंडमधल्या विद्यापीठांच्या इमारतींना तिचं नाव आहे. एके काळी ज्या शिक्षणासाठी तिला कर्ज काढावं लागलं, त्याच शिक्षणासाठी मुली आज तिच्या नावाच्या इमारतीत जातात.

टिलीनं नवं इंजिन बनवलं नाही. नवं विमानही नाही. जे समोर होतं ते नीट समजून घेतलं, कुठे काय जास्त होतंय ते ओळखलं, आणि हाताशी असलेल्या पितळेच्या तुकड्यानं ते थांबवलं. मग नुसता कागद पाठवून ती मोकळी झाली नाही, तर स्वतः गाडीवर बसून जिथे गरज होती तिथे पोहोचली.

मैत्रिणींनो, घरातला मिक्सर बंद पडला की आपली लेक स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसते, सायकलची चेन उतरली की कुणाची वाट न पाहता चढवते. त्या वेळी हात काळे होतील म्हणून तिला उठवू नका. काळे झालेले हात साबणानं धुता येतात. समजून घ्यायची ती ओढ मात्र एकदा विझली, की परत पेटवणं अवघड असतं.